आमचा नसलेला बोट क्लब

वऱ्हाडात क्लब म्हटलं की ऐकणारा आधी इकडं-तिकडं पाहतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "तेरा पत्त्यांचा का एकवीस?" त्यामुळं अकोल्यात चहाच्या टपरीवर मी "आपल्याकडं एक बोट क्लब असायला पाहिजे होता" असं म्हटलं, तेव्हा मंडळींना पत्ते आणि बोट यांचा मेळ लागेना. लागला तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकाजींनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "बोट चालवसान कायच्यावर? मोर्णेवर?"

"काय हरकत आहे?"

"पाह्य भाऊ," काकाजी एकेक बोट मुडपत म्हणाले, "मोर्णेत बोट टाकाची असंन तं आधी जलकुंभी काढा लागते. जलकुंभी काढली का गाळ दिसते. गाळ काढला का पाणी दिसते. अन् पाणी दिसलं का उन्हाया लागते."

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. तरी मोर्णेच्या बाजूनं एक सांगायला हवं. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यातली माणसं, शाळेची पोरं, व्यापारी, साहेब, शिपाई सगळे नदीत उतरले आणि हातांनी जलकुंभी ओढून काढली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मोर्णेचं नाव घेतलं. आमची नदी रेडिओवर गेली! पुढं जलकुंभी पुन्हा आली हा भाग वेगळा. जलकुंभीला रेडिओ ऐकायची सवय नसावी.

बोट क्लबचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते लंडनच्या बातमीनं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांची नावांची शर्यत १८२९ साली सुरू झाली. हल्ली ती थेम्स नदीत पटनी ते मॉर्टलेक अशी होते, अंतर ६.८ किलोमीटर. जिंकलेल्या चमूनं आपल्या सुकाण्याला उचलून नदीत फेकायचं, अशी तिथली रीत. २०२४ साली थेम्सच्या पाण्यात सांडपाण्यातले जंतू इतके निघाले की कोणी पाण्यात शिरू नये, सुकाण्याला तर टाकूच नये, अशा सूचना निघाल्या. हरलेल्या ऑक्सफर्डच्या चमूतल्या काहींची पोटं बिघडली होती, तेही छापून आलं. हे वाचलं आणि थेम्स मला एकदम घरची वाटली. एवढ्या घाणीत त्यांचा क्लब चालतो, तर आपलाच का अडावा?

त्या शर्यतीचा इतिहास वाचत गेलो तसा धीर वाढत गेला. १८७७ साली दोन्ही नावा बरोबरीत सुटल्याचा निकाल लागला; पंच झुडपाखाली झोपला होता, अशी वावडी तेव्हापासून आजवर चालू आहे. १९१२ साली दोन्ही नावांत पाणी भरलं आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. १९८४ साली केंब्रिजची नाव शर्यत सुरू व्हायच्या आधीच उभ्या असलेल्या एका बार्जवर आदळून फुटली, म्हणून सगळ्यांना दुसऱ्या दिवशी यावं लागलं. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या शर्यतीची ही तऱ्हा असेल, तर पहिल्या वर्षी आमच्याकडून काय व्हायचं ते होऊन होऊन किती होणार होतं?

पण माझं मन बसलं ते त्या विद्यापीठांवर नाही. इंग्लंडातच लिंकन गावाहून बॉस्टन गावापर्यंत, विदम नदीतून, ४९ किलोमीटरची एक शर्यत असते. अकोल्याहून अकोटला जाऊन थोडं पुढं सरकावं, एवढं अंतर. पट्टीच्या खेळाडूंच्या बरोबरीनं साध्यासुध्या गावांचे क्लब तिथं येतात. कोणी शिक्षक, कोणी नळजोडणीवाला, कोणी नातवंडं असलेली आजी. काही तास वल्हं मारायचं, तळहाताची सालटं काढून घ्यायची आणि संध्याकाळी घरी जाऊन सोमवारी कामावर हजर व्हायचं. बक्षिसाच्या आशेनं कोणी एवढा छळ करून घेत नाही. हा सगळा कारभार मला फार ओळखीचा वाटला. का वाटला, ते पुढं येईलच.

या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात. आठ धिप्पाड माणसं जीव खाऊन ज्या दिशेला चालली आहेत, ती दिशा त्यांना दिसतच नाही. मागं काय राहिलं तेवढं दिसतं. पुढं पाहणारा एकच, सुकाणूवर बसलेला. तो सगळ्यांत हलका, वल्ह्याला हात न लावणारा, आणि आरडाओरडा सगळा त्याचा. कोणत्याही जिल्हा सहकारी संस्थेच्या संचालक मंडळानं काही दिवस हा खेळ नुसता पाहिला, तर त्यांना वेगळ्या सरावाची गरज पडणार नाही. फरक एवढाच, की आमच्याकडं आठही जणांना सुकाणूवर बसायचं असतं.

महाराष्ट्रात हा खेळ नाही असं नाही. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ सालचा, आणि त्यांची रेगाटाही तेव्हापासूनची. मुळा-मुठेच्या संगमावर पोरं कयाकींचा बाण करतात, पंटवर कवायती करतात, अंधार पडल्यावर मशाली फिरवतात. माझा एक भाचा दर्यापूरचा. तो त्या कॉलेजात गेला आणि बोट क्लबात शिरला. दिवाळीला घरी आला तेव्हा जेवताना आजीचं लक्ष त्याच्या तळहाताकडं गेलं. बोटांच्या मुळाशी ओळीनं चार घट्टे, एक फुटलेला, कडेची कातडी पांढरी पडलेली. आजीनं हात ओढून उजेडात धरला.

"काहून रे, पुण्यात डवरा धरून राह्यला का तू?"

"नाही वं आजी, वल्हं मारतो. नदीत."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग सुनेला म्हणाली, "याचा बाप डवरा सुटला पाह्यजे म्हणून पोराले पुण्याले पाठवते, अन् पोरगं तिथं जाऊन पाण्यातला डवरा धरते. फी भरून!" रात्री तिनं स्वतः घट्ट्यांवर तेल-हळद लावून दिली आणि नदी खोल आहे का, हे मात्र मला बाजूला घेऊन विचारलं.

नदीपासून दूरच्या माणसाला वल्हं जमतं का, याचं उत्तर दत्तू भोकनळ यांनी देऊन ठेवलं आहे. गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. पावसापेक्षा टँकरची वाट पाहणारा तो भाग. सैन्यात भरती झाल्यावर खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर्समध्ये ते नौकानयन शिकले. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं दोन वल्ह्यांच्या शर्यतीत ते १३वे आले. २०१८ साली इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक घेतलं. चांदवडला जमलं, तर अकोल्या-अमरावतीला काय धाड भरली आहे?

अमरावतीचं तर मला खरंच नवल वाटतं. तिथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेलं होतं. मल्लखांब आहे, लेझीम आहे, कुस्ती आहे, पोहणं आहे, धनुर्विद्या आहे. हातपाय हलवायचा जो जो प्रकार माणसानं शोधला, तो बहुतेक अमरावतीत शिकायला मिळतो. वल्हं तेवढं राहिलं. अमरावतीकराचा नौकानयनाशी संबंध वडाळी तलावावर किंवा चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर येतो, तोही पायडलच्या बोटीत. आणि त्या बोटीत नवरा-बायकोचं जे संभाषण होतं ते काठावर स्पष्ट ऐकू येतं. "मीच एकटी मारून राह्यली पायडल, तुम्ही फोटो काढा फक्त." बोट गोल-गोल फिरत राहते आणि वेळ संपल्याची शिटी वाजते.

दोष माणसांचा नाही, नद्यांचा आहे. आमची मोठी नदी पूर्णा. सातपुड्यात बैतूलकडं उगवते, अमरावती-अकोला-बुलढाण्यातून जाते आणि चांगदेवाजवळ तापीला मिळते. पावसाळ्यात ती अशी येते की पुलावरून जाताना यष्टीतली माणसं खिडकीतून हात जोडतात. दिवाळी झाली की आटत जाते आणि उन्हाळ्यात डोहाडोहांनी शिल्लक राहते. काठ काळ्या चिखलाचे, खोल कापलेले. भोवतीचा सगळा खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी खारं. ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून गाडगेबाबांनी तिथं पूर्णेवर घाट बांधवला. माणसाला उतरायलाच जिथं संताची गरज पडली, तिथं नाव उतरवायला कोणाला बोलवायचं?

तरीही नदीतून वऱ्हाडला समुद्रापर्यंत न्यावं, असं एकदा सरकारच्या मनात आलं होतं. रेल्वेच्या आधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला, गंगेकाठी जात असे. १८४२ साली एका व्यापाऱ्यानं अमरावतीहून कलकत्त्याकडं एक लाख बैलांची लाद पाठवल्याचं जुन्या गॅझेटियरात नोंदलेलं आहे. एक लाख बैल! मग सर आर्थर कॉटन आणि त्यांच्यामागून आलेल्या इंजिनिअरांनी ठरवलं की गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून नावा वर आणायच्या आणि इकडचा कापूस थेट पूर्व किनाऱ्याला उतरवायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. ते ओलांडायला बंधारे, कालवे, जलपाशांची कामं सुरू झाली. इंजिनिअर खडक फोडत राहिले, आणि तोवर आगगाडी शिटी वाजवत १८६७ साली नागपुरात शिरली. १८७१ साली नदीचं काम गुंडाळलं. म्हणजे लांब पल्ल्याच्या नदीशर्यतीत वऱ्हाडनं एकदाच नाव घातलं, ते रेल्वेविरुद्ध, आणि सुरू व्हायच्या आधीच हरलो. ती कामं पुरी झाली असती तर आज जिनिंगच्या आवाराला लागून आमचेही नावाडी असते, आणि पत्त्यांच्या क्लबाला थोडी स्पर्धा झाली असती.

इतकं असूनही मी कागदावर क्लब काढून पाहिला. शर्यत ऋणमोचन ते गांधीग्राम. तारीख श्रावणातली, कारण पाणी तेव्हाच. शेवटी रोडगे आणि वांग्याची भाजी, म्हणजे उपस्थितीची काळजी नाही. अडचण आली नावेची. आठ वल्हेकऱ्यांची नाव १७-१८ मीटर लांब असते, रुंदीला मात्र जेमतेम माणूस मावेल एवढी. टपरीवर हा आकडा सांगितल्यावर काकाजी म्हणाले, "एवढी लंबी चीज जुन्या शहरातून वळन कशी?"

आणि तिथंच माझा कागद मी घडी करून खिशात टाकला. कारण याहून लांब चीज जुन्या शहरातून दर वर्षी वळते. काकाजींनी ती तरुणपणी स्वतः वळवलेली आहे.

अकोल्याची कावड ज्यानं पाहिलेली नाही, त्याच्यासाठी सांगतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ग्रामदैवत राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. परंपरा १९४४ ची. त्या साली पाऊस दडी मारून बसला होता, म्हणून काही जण पूर्णेवर गेले, खांद्यावर पाणी आणलं आणि देवाच्या डोक्यावर ओतलं. तेव्हापासून शहरातली मंडळं रविवारी गांधीग्रामला जातात, पूर्णेत उतरतात, घागरी भरतात आणि १७-१८ किलोमीटर अनवाणी चालत सोमवारी राजेश्वराच्या देवळात पोचतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अडीचपट पल्ला झाला, तोही कोरड्या जमिनीवरून.

कावड म्हणजे नुसती एक काठी आणि दोन घागरी असं कोणी समजू नये. मोठ्या मंडळांच्या कावडींना शंभराच्या वर घागरी असतात. त्यांना भरणे म्हणतात. लांबच लांब बांबूंचा सांगाडा, त्याला ओळीनं लटकवलेले भरणे, आणि खाली दोन्ही बाजूंना खांदे. एका भरण्यात दहा लिटर पाणी धरलं, तरी शंभरांचं टनभर ओझं होतं. आठ जणांच्या शर्यतीच्या नावेचं वजन नियमानं ९६ किलोच्या खाली नसावं लागतं, आणि तेवढ्यावर ते लोक तक्रार करतात.

पाऊल चुकलं की पाणी हिंदकळतं, पाणी हिंदकळलं की सांगाडा डुलतो, आणि सांगाडा डुलला की मागच्या खांद्यावर अचानक दुप्पट भार येतो. त्यामुळं पन्नास-साठ माणसांना एक पाऊल होऊन चालावं लागतं. पुढचा एक जण ओरडतो, "हर्र बोला!" आणि मागून "महादेव!" येतं, ते भक्तीनं तर असतंच, पण त्या तालावर पाऊलही पडतं. नावेतला सुकाण्या वेगळं काय करतो? खांदा बदलायचा तर नवा माणूस आधी सांगाड्याखाली शिरतो, दोन पावलं सोबत टाकतो, आपल्या मानेखाली घडी केलेला दुपट्टा सरकवतो, "सोड" म्हणतो, आणि मगच जुना बाहेर येतो. बाहेर आलेल्याचा खांदा पाहावा. दुपट्ट्याची वीण कातडीवर उमटलेली असते. तो एक घोट चहा घेतो आणि पुन्हा आत शिरायला जागा शोधतो. यांत हमाल असतो, बँकेतला कारकून असतो, कॉलेजचं पोरगं असतं, आणि डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केलेला एखादा गृहस्थही असतो, त्याचं घरी माहीत नसतं.

चढाओढ? आहे ना. पण पहिलं कोण पोचलं याची नव्हे. "यंदा आमचे भरणे किती", ही खरी स्पर्धा. तिची चर्चा आषाढात सुरू होते आणि पोळ्यापर्यंत संपत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रात्रभर चहा, फराळ, केळी, पाणी घेऊन लोक उभे असतात. शर्यतीतल्या खेळाडूला बळंच साबुदाण्याची उसळ खाऊ घालणारे प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या खेळात असतील असं वाटत नाही.

मला त्यातली सगळ्यात मजेची वाटते ती शेवटची चाल. राजेश्वराचं देऊळ जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडं. मोर्णा ही पूर्णेची उपनदी. वर्षभर तीच आपलं असेल-नसेल ते पाणी घेऊन पूर्णेकडं जाते. त्या एका सोमवारी पूर्णा शेकडो खांद्यांवर बसून मोर्णेच्या पुलावरून जाते. जगभर नद्या माणसांच्या नावा वाहून नेतात. वऱ्हाडात माणसंच नदी वाहून नेतात. आणि पूल ओलांडून गल्लीत वळताना ते अवाढव्य धूड असं वळतं की घराच्या ओट्याला घागर घासत नाही. पुढचे जागच्या जागी पावलं मारतात, मागचे मोठा फेरा घेतात, मधले श्वास धरतात. काकाजी म्हणाले, "वयनं कठीण नाही भाऊ. मधात कोणी आपली अक्कल नाही लावली पाह्यजे, बस."

म्हणून माझं मत झालं आहे की वऱ्हाडला बोट क्लबची उणीव नाही. चमू तयार आहे, सराव ८० वर्षांचा आहे, तालही बसलेला आहे. नाव आणि पाणी या दोनच गोष्टी कमी आहेत, आणि त्या तपशिलाच्या म्हणता येतील. पुण्याच्या किंवा थेम्सच्या कोणी आम्हांला वल्हं शिकवायला यायचं म्हटलं, तर खुशाल यावं. पण येणाऱ्यानं आधी एकदा सांगाड्याखाली खांदा द्यावा.

तुम्हीही या. श्रावणातल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळपर्यंत गांधीग्राम गाठा. तिथली गुळपट्टी नावाजलेली आहे, गर्दी व्हायच्या आत घेऊन ठेवा. वाटेत कोणत्याही मंडळाला विचारा, खांद्याला जागा मिळते; गाव, जात, पगार कोणी विचारत नाही. घडी घालून मानेखाली ठेवायला एक जाड दुपट्टा आणा, आणि चपला घरी ठेवून या.